बिनमिठाची सोलं

इनास मास्तरांच्या जिभेला चव नव्हती. त्या मोठ्या तापाच्या वर्षी गेली, ती परत आलीच नाही. म्हणून रोज दुपारी बाराच्या सुमारास ते आमच्या दोघांच्या मधल्या कुंपणाशी वाटी घेऊन उभे राहायचे आणि हाक मारायचे, "वयनी, मीठ बघ गो."

मी हातातलं काम टाकून जायची. वाटीत कधी बांगड्याचं तिखलं, कधी नुसती डाळ. बोटाने चाखायची आणि सांगायची, "कमी आसा," नाहीतर "खारट झालां, नारळाचो रस घाला." ते मान डोलवून आत जायचे. बायको वारलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी लीना, दोघंच. घरात मुलगी असताना माझ्याकडे कशाला येता, असं मी एकदा विचारलं.

"ती सगळ्याक बरां म्हणता," ते म्हणाले.

खरंच होतं ते. बापाने करपलेली पेज पुढे ठेवली तरी ती बरी म्हणून प्यायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमचा गाव कट्टा या बाजाराच्या गावाहून मालवणकडे जाताना लागतो. मास्तर ख्रिश्चन, आम्ही हिंदू. मधे करवंदीचं कुंपण आणि कुंपणात एक रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड. ते त्याला भिरंड म्हणायचे, आम्ही रातांबा. झाड कोणाचं, यावर आमच्या सासऱ्यांच्या काळात भांडण होतं म्हणे. आमच्या काळात फळं दोघांकडे पडायची आणि दोघं वेचायचे.

माणूस उंच, किडकिडीत. सदऱ्याच्या खिशाला कायम शाईचा डाग. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळलं की काय होतं आणि साबण घातला की काय होतं, हे दाखवायला ते आठवीच्या वर्गासारखंच आमच्या पडवीतही बसायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण त्यांनी सांगितलेलं मला कळायचं, कारण ते मोठे शब्द शेवटी सांगत.

त्यांचं एक वाक्य गावाला पाठ होतं. कोणी काहीही सांगो, मास्तर म्हणणार, "शक्य आसा. सिद्ध नाय." आमची म्हैस आटली तेव्हा जावेने राखणदाराचा, म्हणजे गावच्या रक्षक देवाचा, कोप काढला. मास्तर म्हणाले, "शक्य आसा. सिद्ध नाय. आधी पेंढो कितको घालतास तां सांग." पेंढा कमीच होता. जाऊ दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही.

बायको गेली त्या दिवशी तर कहर केला. पाद्री येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ती आता देवाकडे सुखात आहे." मास्तर खाली बघत म्हणाले, "शक्य आहे, फादर. सिद्ध नाही." खोलीतल्या बायकांनी क्रूस केले. पाद्री त्यानंतर वर्षभर रस्त्यावरूनच हात करायचे, घरात आले नाहीत. मी मास्तरांना तोंडावर बोलले, "बायल मेली, आज तरी गप रवाचां."

"आजच्या दिवशी खोटां बोलू?" ते म्हणाले. एवढंच. रडले नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.

लीना तेव्हा नऊ वर्षांची होती. चौदाव्या वर्षी तिच्या कोपरावर लाल चट्टा उठला. नायटा म्हणून टाकळ्याचा पाला लावला. चट्टा हललाच नाही. मग दुसऱ्या कोपरावर, मग गुडघ्यांवर, पाठीवर, हाताच्या पंजांवर. वर पांढरे खवले. सकाळी चादर झटकली की जमिनीवर भुसा पडावा तसे पडायचे. कुडाळच्या डॉक्टरणीने नाव सांगितलं, सोरायसिस. मलम दिलं. मलमाने जायचं, थांबवलं की यायचं, आणि दर वेळी थोडी जास्त जागा घेऊन यायचं.

गावाचं काय सांगू. मासेवाली तिच्या हातात मासे द्यायची नाही, दगडी गडग्यावर ठेवायची. बसमध्ये शेजारची बाई उठून उभी राहायची. देवळाच्या जत्रेत मी तिच्या हाती पाठवलेला प्रसाद माझ्याच सुनेने नको म्हटला. मास्तर अशा प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "ह्यां कोणाक लागणा नाय. ह्यां सिद्ध आसा." मी आयुष्यात त्यांच्या तोंडून 'सिद्ध आसा' ऐकलं ते एवढ्या एकाच बाबतीत. ऐकणारे मान डोलवायचे आणि हात मागेच ठेवायचे.

लीनाने बालवाडीचा कोर्स केला होता. मुलांसाठी कागदाचे मासे, पुठ्ठ्याचे खेकडे करायची. घरभर टांगलेले असायचे. पंचविशीची झाली तेव्हा तारकर्लीच्या एका बालवाडीत बाई हवी होती. तिथल्या चालकबाईंना ती आवडली. "पण हात जरा निवळू देत," त्या म्हणाल्या, "पालक विचारतात. जूनमध्ये शाळा उघडते तोवर बघा." घरी येऊन लीना मला म्हणाली, "काकी, पंजे फक्त. बाकीचां झाकून घेतलंय तर चलतला." एवढंच हवं होतं तिला. दोन पंजे.

मास्तरांनी आदल्या वर्षापासूनच एक खूळ घेतलं होतं. कुठलंसं मासिक घेऊन ते कुंपणाशी आले होते.

"वयनी, झाडाक पळाक येता?"

"ह्यां काय इचारतात?"

"उन्हात उभां रवता. पळणा नाय. मगे जळणा कशाक नाय?"

त्यांनी रातांबा फोडला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यो रंग बघ. रंग म्हणजे झाडाची छत्री. लोखंड कसां गंजता? तशी कातडी पण आतसून गंजता, पेटता. झाड रंग करून ता थांबवता. हळदीत पिवळो, जांभळात जांभळो, भिरंडीत तांबडो. तोच रंग माणसाच्या पेटलेल्या कातडीक थंड करीत काय, ह्यां लोक बघतत." मग कोळशाने आमच्या गडग्यावर एक लांबलचक शब्द लिहिला. अँटिऑक्सिडंट. पावसाने धुऊन जाईपर्यंत तो तिथे होता.

"म्हणजे औषध सापडलां?" मी विचारलं.

"शक्य आसा," ते म्हणाले. पुढचं मीच म्हटलं.

कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे मुठेल, आमच्याकडे घरोघरी असतं. पांढरा घट्ट गोळा, मुठीत वळलेला. टाचा फुटल्या की तापवून लावतात. मास्तरांनी आधी मुठेल वितळवून त्यात सालं टाकली. तेल पिवळं झालं, तांबडा रंग सालीतच बसून राहिला. ते परसात उकिडवे बसून त्या पातेलीकडे बघत होते, जसा हट्टी वासराकडे माणूस बघतो. "तांबडो पाण्यात जाता, तेलात नाय," ते म्हणाले. मग पाण्यात उतरवून, मंद आटवून, मुठेलात घोटलं. थोड्या वेळाने गोळ्याला घाम फुटावा तसे तांबडे थेंब बाहेर. शेवटी तोडगा निघाला तो साधा. आटवलेल्या तांबड्या पाण्यात फडकं भिजवून हाताला गुंडाळायचं, अर्ध्या तासाने काढून वर मुठेल चोळायचं.

त्या वर्षी कोपरावरच्या एका लहान चट्ट्यावर महिनाभर केलं. चट्टा फिका पडला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, गुण आला.

"मलम पण चालू आसा, वयनी. एका पातेलीत दोघांनी मीठ घातलां, तर खारट कोणी केलां?"

म्हणून पुढच्या मे महिन्यात, बालवाडी उघडायच्या आधी, त्यांनी मलम बंद केलं. उजव्या हाताला तांबडं पाणी आणि मुठेल. डाव्या हाताला साधं पाणी आणि मुठेल. रोज वहीत लिहायचं. मी म्हटलं, "पोरीक कळतला मा, खंयच्या हाताक काय तां." ते हसले. "तिका कळतला. कातडीक कळाचां नाय."

सोलं वाळवायचं काम माझ्याकडे होतं. त्यांना ते जमायचं नाही. मला पन्नास वर्षांची सवय. आम्ही रातांबे फोडून बिया काढतो, सालींना मिठाच्या रसाचे पुट देतो, उन्हात वाळवतो, परत पुट देतो. मास्तरांनी दोन अटी घातल्या. ऊन लावायचं नाही, रंग उडतो. आणि मीठ अजिबात नाही. "भेगांत जातला, वयनी. एक कण पण नको."

माळ्यावर चटईवर सावलीत पसरली. चार दिवस बरे गेले. मग आभाळ भरून आलं, दमट हवा, तीन दिवस ऊन नाही. सोलं चिकट झाली. हाताला बुळबुळीत लागायला लागली, वास बदलला. उद्या बुरशी धरणार हे मला कळलं.

विसरले म्हटलं तर खोटं होईल. आठवत होतं. पण मिठाची बरणी हाताशी होती आणि डोक्यात आलं, मास्तर पुस्तकातलं बोलतात, सोलं मला कळतात. मूठभर मिठाने काय होतंय, कुजून जाण्यापेक्षा बरं. त्या दिवशी एक मूठ लावली. दुसऱ्या दिवशी अजून एक. सोलं सावरली. मी डब्यात भरून कुंपणावरून दिली. त्यांनी हुंगून पाहिली, वास त्यांना येत नव्हता तरी सवयीने. म्हणाले, "उत्तम झाली." चाखून काही उपयोग नव्हता. चाखायला त्यांची जीभ मीच होते. आणि मी बोलले नाही.

पाचव्या दिवशी लीना विहिरीवर दिसली. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं.

"कसां आसा गो?"

"बरां आसा, काकी."

"झोंबता?"

"थोडां. पप्पान आधीच सांगल्यान, आंबट आसा तां, चुरचुरतला म्हणान." आणि हसली. हसताना तिने डाव्या हाताने रहाटाचा खांब घट्ट धरला होता. नखं पांढरी झाली होती.

मला तेव्हाच अर्धं कळलं. उरलेलं अर्धं मी कळून घेतलं नाही.

दहाव्या दिवशी उजवा हात सुजला. दुसऱ्या दिवशी डावाही. मग पाठ, पोट, चेहरा. अंगावर एक बोट ठेवायला जागा उरली नाही, सगळी लालभडक, आणि थंडी वाजून ताप. आम्ही रिक्षाने कुडाळला नेली. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ती नुसती श्वास ओढायची, आवाज करायची नाही.

डॉक्टरणीने मलम कधी बंद केलं ते विचारलं आणि चिडली. "असं एकदम तोडायचं नसतं, उलटून येतं. तुम्ही शिक्षक ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "चूक माझी आहे."

वही त्यांनी पुढे केली. तिने चाळली, जरा नरमली. "झाडांच्या रंगांत गुण असेलही. मी नाही म्हणत नाही. पण फडक्यात किती, कातडीत किती जातं, कोणी मोजलंय? आणि तुमच्या मुलीवरच?"

"दुसरं कोणी तयार नव्हतं," ते म्हणाले.

मी तिथेच बाकावर होते. मिठाचं बोलले नाही.

तीन आठवड्यांनी लीना घरी आली. केस गळलेले, हातपाय काडीसारखे. तोवर बालवाडी उघडली होती, दुसरी मुलगी लागली होती. मास्तर तिच्यासाठी मुठेलाचा गोळा घेऊन गेले, नुसतंच, बिनरंगाचं. ती म्हणाली, "पप्पा, माका आता कायच लावू नको." पहिल्यांदा तिने बापाला नको म्हटलं. पंधरा दिवसांनी ती मडगावला आत्याकडे गेली. राहायला थोडे दिवस म्हणून गेली, ती परत आली नाही. भिंतीवरचे कागदी मासे मास्तरांनी काढले नाहीत. पावसाळ्यात त्यांचे रंग एकमेकांत उतरले.

मी त्यांना सांगितलं ते त्यानंतर. दुपारी वाटी घेऊन आले होते, डाळ होती. मी बोट बुडवलंच नाही.

"मास्तरांनू, सोलांक मी मीठ लावलंय."

त्यांनी विचारलं, "कितक्या?"

"मूठभर. दोनदा."

ते वाटी कुंपणाच्या दगडावर ठेवून आत गेले. मला वाटलं आता बाहेर यायचे नाहीत. यावं आणि थोबाडीत मारावी, असंही वाटलं. ते वही घेऊन आले. उभ्या उभ्या लिहिलं, दोन मुठी, किती सोलांना, कुठल्या दिवशी. मला दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग वहीची मागची पानं उलटली.

"उजवो हात आधी पेटलो," ते म्हणाले. "पण डावो पण पेटलो. डाव्याक मीठ नव्हतां. मलम दोघांचां बंद होतां."

"म्हणजे माझ्यामुळे झालां मा?"

त्यांनी वही मिटली. "शक्य आसा," ते म्हणाले. "सिद्ध नाय."

मी बरीच वर्षं जगले आहे. शिव्या खाल्ल्या आहेत, नवऱ्याचा मारही खाल्ला आहे. या दोन वाक्यांनी जे केलं ते कशानेच केलं नाही. त्यांनी मला सोडलंही नाही आणि धरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला परत हाक आली. "वयनी, मीठ बघ गो." तीच वाटी. मी चाखलं. सांगितलं, "बरोबर आसा." गावात दुसरं कोण होतं त्यांना चाखून सांगायला?

पुढच्या मे महिन्यात त्यांनी स्वतः सोलं वाळवली. मला हात लावू दिला नाही, मीही विचारलं नाही. बुरशी धरलेली फेकत गेले. टोपलीभर रातांब्यांतून शेवटी एक लहान डबा राहिला. गडद, कोरडी, बिनमिठाची. तो डबा घेऊन ते मडगावला निघाले. मलम चालू ठेवूनच एका बोटावर, एका नखाएवढ्या जागेवर लावायचं म्हणाले. तिने लावू दिलं तर.

त्या संध्याकाळी मी कट्ट्याला बसच्या थांब्यावर होते. दुसऱ्या दिवशी पहाटे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जायचं होतं, म्हणून किरकोळ बाजार करायला आले होते. सावंतवाडीहून येणाऱ्या गाडीतून मास्तर उतरले. काखेत डबा.

आम्ही दोघं चालत निघालो. वाटेत ते म्हणाले, "इन्सुलीक, गोव्याच्या हद्दीच्या नाक्यार पोलिसान डबो उघडून बघल्यान. म्हणता, मास्तर, गोव्यात सोलां मिळणत नाय?"

"मगे? लावूक दिल्यान?"

"दार उघडूक नाय. आतसूनच बोलली. पप्पा, बरो मा? म्हणान इचारल्यान."

"तुमी काय सांगलात?"

"मी इचारलंय, तू कशी?"

"मगे?"

"बरी आसय म्हणाली."

कुंपणाशी आल्यावर त्यांनी काखेतला डबा माझ्यापुढे धरला.

"कढी कर."

"ह्येच्यात मीठ नाय, मास्तरांनू."

"आता घाल," ते म्हणाले.

मी सोलं कोमट पाण्यात भिजवली. नारळ खवला, रस काढला, लसूण-मिरची ठेचून घातली. रंग असा उतरला की तसा मी कधी पाहिला नव्हता. बरणीतलं मीठ घातलं. किती पडलं ते बघितलं नाही, आणि चाखायची हिंमत झाली नाही. वाटी भरून कुंपणावरून दिली. ते तिथेच उभे राहून प्यायले, सगळी, तळापर्यंत. ओठांना तांबडं लागलं होतं.

त्यानंतर मला ते दिसले नाहीत. डोळ्याची पट्टी सुटायच्या आतच ते गेल्याचं कळलं. म्हणून माझ्याकडे त्यांचं शेवटचं आहे ते एवढंच. रिकामी वाटी माझ्या हातात देताना मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, "मीठ कसां झालां?"

"बरां आसा," मास्तर म्हणाले.